आरशावर ओरखडे, कडेला टवका: दुर्बीण वाया गेली का?

नवखा_निरीक्षक
मंडळी, बरेच दिवस मनात होतं ते शेवटी केलं. वापरलेली आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशांची दुर्बीण घेतली, डॉब्सोनियन म्हणजे हातानं फिरवायच्या साध्या बैठकीची. आरसा २०० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी. नळी बाहेरून अगदी नव्यासारखी. घरी आणली, रात्री हौसेनं टॉर्च मारून आत डोकावलो आणि पोटात गोळा आला.

मुख्य आरशावर गोल गोल ओरखडे आहेत, मोजले तर तीसेक भरतील. कोणीतरी सुक्या फडक्यानं खसाखसा पुसलाय, नक्की. कडेला आठेक मिलिमीटर लांब टवका उडालाय. एका बाजूला धुरकट डाग आहेत. आणि वरच्या छोट्या तिरक्या आरशाच्या एका टोकाला लेपाचा पापुद्रा सुटलाय. विकणारे म्हणतात, "आम्हाला कधी जाणवलं नाही."

टवका बघून वाटलं आरसा बैठकीत हलत असणार, म्हणून तीनही क्लिपा चांगल्या आवळून ठेवल्यात. पुढे काय करू? कुठेतरी वाचलं की टूथपेस्टनं काचेवरचे ओरखडे जातात. की सरळ नवा आरसाच बघू? दोन रात्री झोप नाही.

कृष्णपक्ष
एकच प्रश्न. त्या दुर्बिणीतून आकाश पाहिलंत का?

नवखा_निरीक्षक
नाही हो. आणल्यापासून ढग आहेत.

कृष्णपक्ष
मग झोपा निवांत. आणि ती टूथपेस्ट दातांसाठी ठेवा.

काजळी
टॉर्च मारून आरसा बघणं हा स्वतःला छळायचा उत्तम मार्ग आहे. तिरक्या उजेडात कालचा नवा आरसासुद्धा पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखा दिसतो. अनुभवाचे बोल.

आरसेघाशा
नवखा, जरा आकडे मांडू, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल.

२०० मिमी आरशाचं क्षेत्रफळ होतं साधारण ३१,४०० चौरस मिमी. तुमचे तीस ओरखडे प्रत्येकी १५ मिमी लांब आणि ०.०५ मिमी रुंद धरले (सढळ हातानं धरलेत) तरी सगळे मिळून २२-२३ चौरस मिमी. टवका आठ बाय चारचा, गोलसर धरला तर तो साधारण पंचवीस. एकूण बेरीज आरशाच्या ०.१५ टक्क्याच्या आसपास. आता वरचा तिरका आरसा बघा. तो ५० मिमीचा असेल तर ६.२५ टक्के प्रकाश तो एकटाच अडवतो, कायमचा, नव्याकोऱ्या दुर्बिणीतसुद्धा. त्याबद्दल कोणी झोप घालवत नाही!

शिवाय ओरखडा चित्रात "दिसत" नाही. आरशाच्या प्रत्येक भागातून येणारा प्रकाश संपूर्ण चित्र बनवतो. टवक्यापाशी आलेला शनीचा प्रकाश वाया गेला म्हणून शनीला टवका पडत नाही, शनी फक्त एका केसाइतका मंद होतो.

तिरक्या आरशावरच्या पापुद्र्याकडे मात्र मी जास्त लक्ष देईन. तिथपर्यंत येताना प्रकाशाचा शंकू निमुळता झालेला असतो. तुमची दुर्बीण एफ/६, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या सहापट. तिरका आरसा नाभीपासून (प्रकाश एकवटतो त्या जागेपासून) २५० मिमीवर असेल तर तिथे एका ताऱ्याचा शंकू २५० भागिले ६, म्हणजे ४२ मिमीच्या आसपास रुंद. ५ मिमीचा डाग मुख्य आरशावर असता तर ०.०६ टक्के प्रकाश खाल्ला असता, तिथे तोच डाग शंकूच्या वाटेत आला तर १.४ टक्के खातो. अगदी टोकाला असेल तर मधल्या ताऱ्यांना धक्का नाही, दृश्यक्षेत्राच्या एका कडेला थोडं मंद वाटेल इतकंच. पण पापुद्रा सुटायला लागलाय म्हणजे तो पसरत जाणार.

तिसरा_डोळा
आरशाला लागलेल्या माराचा विषय आहे आणि टेक्सासची गोष्ट निघाली नाही असं कसं चालेल? मॅकडोनाल्ड वेधशाळेतली २.७ मीटरची दुर्बीण. फेब्रुवारी १९७० मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याचं डोकं फिरलं आणि त्यानं पिस्तुलातून मुख्य आरशावर सात गोळ्या झाडल्या. हातोडाही चालवला म्हणतात. आरसा फ्यूज्ड सिलिकाचा, जाडजूड. फुटला नाही, खड्डे पडले. नुकसान किती? साधारण एक टक्का प्रकाश कमी झाला. दुर्बीण पुन्हा कामाला लागली आणि आजही चालू आहे, खड्ड्यांसकट.

तुमच्या आरशावर कोणी गोळी झाडलीये का? नाही ना?

ग्रहवेडी
ती गोष्ट छान आहे, पण ती सांगून लोक एक भलतीच गोष्ट गळी उतरवतात, म्हणून जरा आडवी येते.

किती प्रकाश *कमी* झाला हा अर्धाच हिशोब. ओरखड्यावर पडलेला सगळा प्रकाश गायब होत नाही. त्यातला काही इकडे-तिकडे विखुरतो आणि चित्रावरच येऊन सांडतो. ०.१५ टक्के म्हणजे तेजोमेघ बघणाऱ्याला काहीच नाही. पण व्याध ताऱ्याचा श्वेतबटू जोडीदार बघायचा असेल तर मुख्य तारा त्याच्या हजारो पट तेजस्वी आहे. तिथे थोडासा विखुरलेला उजेडही जोडीदाराला गिळून टाकतो. चंद्रावरच्या विवरांतल्या सावल्या काळ्याकुळकुळीत दिसण्याऐवजी राखाडी दिसतात तेही ह्यामुळेच.

मात्र प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या स्वतःच्या दुर्बिणीत सगळ्यात जास्त उजेड सांडत होता तो ओरखड्यांमुळे नाही. वर्षानुवर्षांची धूळ आणि दवाचे सुकलेले थेंब, त्यांचा पातळ पडदा सबंध आरशावर पसरला होता. तुमचे धुरकट डाग मला जास्त खुपतायत.

घरच्या घरी करायची परीक्षा: गुरूला दृश्यक्षेत्राच्या जेमतेम बाहेर न्या. तो गेला की आकाश लगेच काळं व्हायला हवं. कडेला भगभगीत धुकं रेंगाळलं तर प्रकाश विखुरतोय. (आधी डोळा लावायची काच पुसलीये ना ते बघा. पापणीचं तेल लागलेली नेत्रिका अगदी हेच करते.)

आरसेघाशा
ग्रहवेडी, मान्य. "प्रकाश किती गेला" एवढ्यावर मी थांबायला नको होतं. म्हणूनच टवक्याला मॅट काळा रंग लावतात. उडालेली काच चकाकते आणि भलतीकडे उजेड फेकते. काळी केली की ती फक्त एक छोटी अनुपस्थिती उरते. बारीक ब्रश, एक हात रंग, आरशाच्या चांगल्या भागावर न सांडता. बास.

टूथपेस्टचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते सविस्तर देतो, कारण हा प्रश्न दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतंच.

तुम्ही जे बघताय ती काच नाही. काचेवर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर आहे, साधारण १०० नॅनोमीटरचा, आणि त्यावर बहुधा सिलिकॉनच्या ऑक्साइडचा संरक्षक थर. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते. ॲल्युमिनियमचा थर गेला तरी एकवेळ चालेल, तो पुन्हा चढवता येतो. पण त्याखालच्या काचेचा आकार बिघडला तर मात्र खेळ खलास. चांगली प्रतिमा मिळायला परावर्तित प्रकाशलहरीत पाव तरंगलांबीहून जास्त चूक नको असं धरतात. हिरव्या प्रकाशासाठी ते होतात १३७ नॅनोमीटर. परावर्तनात चूक दुप्पट होते, म्हणजे काचेच्या पृष्ठावर जेमतेम ७० नॅनोमीटरची सूट. अंगठ्यानं एकाच जागी पॉलिश घासत बसलात तर तिथे खळगा पडायला फार वेळ लागत नाही. ओरखडा जाईल आणि त्याजागी एक गुळगुळीत, सुंदर, चुकीचा आकार येईल.

हबल ह्या अंतराळातल्या दुर्बिणीचं काय झालं आठवा. १९९० मध्ये २.४ मीटरचा आरसा वर गेला, अतिशय गुळगुळीत, एक ओरखडा नाही. फक्त कडेला तो २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला होता, कारण घासताना तपासायचं उपकरणच चुकीच्या अंतरावर जुळवलं होतं. तारे धूसर. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन सुधारक प्रकाशिकी बसवली तेव्हा कुठे प्रतिमा नीट झाल्या. एकीकडे गोळ्या खाल्लेला आरसा कामाला लागला आणि दुसरीकडे निष्कलंक आरसा अडला. ओरखडे मोजण्याआधी आकार तपासा असं मी म्हणतो ते ह्याचसाठी.

नवखा_निरीक्षक
सगळ्यांचे आभार. टूथपेस्ट रद्द. मग धुऊ का? आरसा *पाण्यात* घालायचा ह्या कल्पनेनंच हात थरथरतात.

कृष्णपक्ष
धुताना आरसा क्वचितच बिघडतो, पुसताना बिघडतो. माझी पद्धत सांगतो.

आधी हातातली अंगठी, घड्याळ काढा. सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरा. आरसा बैठकीतून काढा, पण कुठली बाजू कुठे होती ती खूण करून ठेवा. नळाचं कोमट पाणी दोन-तीन मिनिटं नुसतं वाहू द्या. गरम नको, काचेला धक्का बसतो. बहुतेक धूळ इथेच जाते आणि धूळच तर ओरखडे पाडते, म्हणून ही पायरी कंटाळा न करता. मग कोमट पाण्यात भांडी धुवायच्या सौम्य द्रवाचे चार थेंब टाकून आरसा पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. धुण्याचा सोडा वगैरे काही नको, अल्कली ॲल्युमिनियम खाते. काच पुसायचे अमोनियावाले फवारेही नकोत.

डाग उरलेच तर शुद्ध कापसाचा मोठा बोळा, पाण्यात चिंब भिजलेला. आरशावर ठेवा आणि *त्याच्याच वजनानं* एका दिशेत ओढा. दाबायचं नाही, गोल फिरवायचं नाही. एक बोळा, एक ओढ, टाकून द्या. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यानं विसळा, नाहीतर नळाच्या पाण्यातले क्षार ठिपके बनून बसतात. आरसा तिरका उभा करून ठेवा. खाली जमलेले थेंब टिपकागदाच्या कडेनं शोषून घ्या. झालं.

आणि हो, वाळवायला उन्हात ठेवू नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. तुमचा आरसा १.२ मीटरवर सूर्याची ११ मिमीची प्रतिमा बनवतो, म्हणजे ऊन तीनशे पटींहून जास्त एकवटतं. पडदा, लाकूड, माणूस, जे समोर येईल ते.

काजळी
आमच्या ओळखीतल्या एकाच्या खिडकीच्या चौकटीवर अशी एक काळी रेघ आहे. सूर्य सरकत गेला तशी रेघ सरकत गेली. घरचे अजून विचारतात.

लुकलुक
इथेच विचारते. माझी ८० मिमी अपवर्तक, म्हणजे भिंगाची दुर्बीण आहे. पुढच्या भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी वाढलंय, दोन भिंगांच्या *मध्ये*. दुर्बीण दोन वर्षं कपाटात होती. खोलून पुसू का?

आरसेघाशा
लुकलुक, ती बुरशी. दमट आणि अंधारी बंद जागा तिला फार मानवते. आधी दुर्बीण कोरड्या, उजेडाच्या जागी हलवा, सोबत सिलिका जेल ठेवा. वाढ थांबणं महत्त्वाचं. बुरशी आम्ल सोडते आणि लेपावर, कधी काचेवरही, नक्षी कोरते. ती नक्षी बुरशी पुसल्यावरही राहते, तेव्हा "नव्यासारखं" होईल ही आशा ठेवू नका.

खोलायचा निर्णय विचार करून घ्या. अशा जोडभिंगात क्राउन आणि फ्लिंट काचेची दोन भिंगं ठरलेल्या क्रमानं, ठरलेल्या बाजूनं आणि ठरलेल्या अंतरावर बसवलेली असतात. कधीकधी एकमेकांच्या तुलनेत कुठल्या कोनात फिरवून ठेवायची हेही कारखान्यात जुळवलेलं असतं. खोलायचंच असेल तर आधी दोन्ही भिंगांच्या कडेवर मिळून पेन्सिलीनं इंग्रजी व्ही काढा. टोक आकाशाकडे. म्हणजे क्रम, बाजू आणि कोन तिन्ही लक्षात राहतात. मध्ये पत्र्याच्या चिमुकल्या चकत्या असतील, त्यांच्या जागा टिपून ठेवा. एक भिंग उलटं बसलं की गुरूचा कापसाचा गोळा होतो.

दोन भिंगं चिकटवलेली असतील तर हात लावू नका. आणि जाळं कडेला चिमूटभरच असेल, आकाश छान दिसत असेल, तर मी तरी खोलणार नाही.

लुकलुक
कडेलाच आहे. आकाश ठीक दिसतं. कोरड्या जागी हलवते आणि गप्प बसते.

नवखा_निरीक्षक
मंडळी! आकाश उघडलं. आरसा कालच धुतला (हात थरथरले, पण आरसा वाचला). धुरकट डाग जवळजवळ गेले. क्लिपा पुन्हा घट्ट बसवल्या, कोलिमेशन केलं, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवले.

पण गडबड आहे. अभिजित ताऱ्यावर लावली तर तारा टिंबासारखा दिसतच नाही. फोकसच्या अलीकडे-पलीकडे केलं तर गोल चकती यायला हवी ना? मला *त्रिकोणी* दिसतेय. कोपरे गोलसर, पण त्रिकोणच. चकतीच्या कडेला टवक्याची खाचही स्पष्ट दिसते. म्हणजे टवक्यामुळेच ना? नवा आरसा घ्यावा लागणार बहुतेक.

कृष्णपक्ष
टवका एक. त्रिकोणाचे कोपरे तीन. तुमच्या आरशाला तीन काय आहे?

नवखा_निरीक्षक
...क्लिपा.

आरसेघाशा
पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं त्यांनी, "चांगल्या आवळून ठेवल्यात". मी वाचून पुढे गेलो, माझीही चूक.

७० नॅनोमीटरची सूट आठवा. स्क्रू पिळून काच तेवढी वाकवणं अजिबात कठीण नाही, जाड काच असली तरी. आरसा क्लिपांनी *धरायचा* नसतो. त्या फक्त तो पुढे पडू नये म्हणून असतात. क्लिप आणि काच ह्यांच्यात जाड कागद सहज सरकेल एवढी फट हवी. बाजूला स्क्रू असतील तर तेही नुसते टेकलेले. आरसा बैठकीत किंचित खुळखुळला तर बिघडत नाही.

टवक्याची खाच फोकसबाहेरच्या चकतीत दिसणारच, ती चकती म्हणजे आरशाचीच सावली असते. फोकसमध्ये आणलं की खाच नाहीशी होते. त्रिकोण मात्र फोकसमध्येही ताऱ्याला तीन शेपट्या फोडतो.

एक सूचना: परीक्षेसाठी ध्रुवतारा घ्या. तो जागचा हलत नाही, दुर्बीण सारखी ढकलावी लागत नाही. आरसा निदान तासभर बाहेर थंड होऊ द्या. गरम आरशावर केलेली तारापरीक्षा म्हणजे उकळत्या पाण्यातून तळ बघणं.

ग्रहवेडी
आणि चकती त्रिकोणीऐवजी लंबगोल दिसली, फोकसच्या दोन बाजूंना नव्वद अंशात वळणारी, तर आधी नेत्रिका फिरवून बघा, मग स्वतःचं डोकं तिरकं करून बघा. लंबगोल डोक्याबरोबर फिरला तर दोष आपल्या डोळ्यात. माझ्या बाबतीत तसंच निघालं, नवा चष्मा लागला.

नवखा_निरीक्षक
क्लिपा सैल केल्या. दीड तास थांबलो. ध्रुवतारा, २०० पट. दोन्ही बाजूंना गोल वलयं, मध्ये तिरक्या आरशाची काळी टिकली, कडेला टवक्याची चिमुकली खाच. फोकसला आणलं आणि ताऱ्याचं टिंब झालं. ध्रुवाचा अंधुक जोडीदारही दिसला!

मग शनी. कड्यांमधली कॅसिनीची फट दोन्ही बाजूंना. ओरखडे सगळे जागच्या जागी आहेत आणि मला एकही दिसला नाही.

तिसरा_डोळा
सात गोळ्यांना अजून वाव आहे.

नवखा_निरीक्षक
टवका काळा केला. आता तिरका आरसा राहिला. त्यावर नवा लेप चढवून घ्यावा म्हणतो. मुख्य आरसाही सोबत द्यावा का?

आरसेघाशा
तिरका द्या. मुख्य आरसा मागून दिव्यासमोर धरून बघा. सुईच्या टोकाएवढी शेकडो छिद्रं चमकली किंवा एखादा भाग पारदर्शक वाटला तर द्या, नाहीतर काही वर्षं थांबा. साधा ॲल्युमिनियमचा लेप ८८ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवतो. दोन आरसे मिळून ७७ टक्के. एकाचा लेप उतरून ७० वर आला की फरक जाणवायला लागतो.

नव्या लेपानं कुठले ओरखडे जातील? जे फक्त लेपात होते ते जातील. जे काचेत उतरलेत ते तसेच राहतील, त्यांच्यावरही चकचकीत थर चढेल इतकंच. तपासायला नखानं चाचपू नका!

ह्या बाबतीत आपण नशीबवान आहोत बरं. अठराव्या शतकातल्या विल्यम हर्शेल ह्या खगोलशास्त्रज्ञाच्या काळी आरसे धातूचे असत, तांबं आणि कथलाच्या मिश्रणाचे. ते काळवंडत, आणि पुन्हा उजळायचे म्हणजे पृष्ठच पॉलिश करायचं, म्हणजे आकार पुन्हा नव्यानं घडवायचा. म्हणून त्यानं आपल्या चाळीस फुटी दुर्बिणीसाठी दोन आरसे केले होते, एक दुर्बिणीत आणि एक कामाला. १८५० च्या दशकात काचेवर चांदी चढवायची युक्ती आली आणि आकार वेगळा, चकाकी वेगळी अशी फारकत झाली. चकाकी गेली तर धुऊन टाका, पुन्हा चढवा, काचेला धक्का नाही. पुढे १९३० च्या दशकात निर्वात पेटीत ॲल्युमिनियम चढवायला लागले. चांदी लवकर काळी पडते, तसं ते पडत नाही.

लुकलुक
शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. माझ्या सूर्यफिल्टरच्या पडद्यावरही एक ओरखडा आहे. वरच्या हिशोबानं तोही ०.१ टक्काच असेल, म्हणजे चालेल ना?

कृष्णपक्ष
नाही!! अजिबात नाही. तिथे हिशोब उलटा होतो. सूर्याचा प्रकाश एक लाखांश करणं हेच त्या पडद्याचं काम. ०.१ टक्का उघडी जागा म्हणजे एक हजारांश प्रकाश थेट आत, पडद्यातून येतो त्याच्या शंभर पट. ओरखडा, भोक, लेप सुटलेला, काहीही दिसलं की कापून कचऱ्यात. त्यावर चर्चाच नको. आणि नेत्रिकेत बसवायची ती जुनी काळी सूर्यकाच सोबत आली असेल तर तीही फेका, ती उष्णतेनं तडकते.

लुकलुक
फेकला.

नवखा_निरीक्षक
मंडळी, तिरका आरसा नवा लेप लेवून परत आला. झकास. पण काल चंद्रावर एक काळा ठिपका दिसला, चांगला ठसठशीत, कडा स्पष्ट. चंद्र सरकला तरी ठिपका जागच्या जागी. मुख्य आरशावर नवा डाग पडलाय का?

कृष्णपक्ष
नेत्रिका बोटानं फिरवा.

नवखा_निरीक्षक
ठिपकाही फिरला.

आरसेघाशा
मग तो नेत्रिकेत, नळीकडच्या भिंगावर. आधीचाच हिशोब: नाभीपासून २ मिमीवर तुमचा प्रकाशशंकू २ भागिले ६, म्हणजे ०.३३ मिमी. तेवढाच धुळीचा कण तिथे बसला तर शंकू सगळाच्या सगळा अडतो. रबरी फुग्यानं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

नवखा_निरीक्षक
मारली. गेला. आठ मिमीचा टवका महिनाभर शोधला तरी सापडला नाही आणि हा सापडला!